विश्लेषण : नऊ दिवसांच्या रजेत हिमालय कितपत मावतो?

दोन शनिवार, दोन रविवार आणि मधले पाच कामाचे दिवस. महाराष्ट्रातून हिमालयात जाणाऱ्या बहुतेक नोकरदारांचा सगळा बेत या नऊ दिवसांत बसवलेला असतो. सहल कंपन्यांची पत्रकेही याच मापाने शिवलेली असतात. या मापात लेह, नुब्रा, पँगाँग आणि जमले तर हानले असे सगळे कोंबले जाते. विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीराला किती दिवस लागतात, हा प्रश्न मात्र बेत ठरवताना शेवटी येतो, किंवा येतच नाही. उंच पर्वतातील छोट्या साहसी सहलीत सगळ्यात आधी पाहायची गोष्ट शिखराची उंची नसून रात्री पाठ टेकायच्या जागेची उंची आहे, असे या लेखकाचे मत आहे. ते का, आणि त्यानुसार नऊ दिवसांचा बेत कसा बदलतो, हे समजून घेऊ.

हिशेब कुठे चुकतो?

मुंबईहून पहाटे निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला लेहमध्ये असतो. समुद्रसपाटीवरून थेट ३,५०० मीटरवर. वाऱ्यामुळे लेहची विमाने बहुधा सकाळीच उतरतात आणि उडतात, त्यामुळे पहिला जवळजवळ पूर्ण दिवस हाताशी उरतो. उत्साह असतो, ऊन लख्ख असते, त्रास काहीच नसतो. मग ‘हॉटेलात बसून काय करायचे’ म्हणून मंडळी शांतिस्तूपाच्या पायऱ्या चढतात, संध्याकाळी बाजार फिरतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी गाडी खार्दुंग लाकडे निघते.

इथली गोम अशी, की उंचीचा त्रास साधारणपणे पोहोचल्यावर सहा ते बारा तासांनी सुरू होतो. म्हणजे दुपारी बरे वाटणे याला काहीच अर्थ नाही. पहिल्या रात्री डोके दुखू लागते, झोप तुटक होते, सकाळी मळमळते, भूक नसते. फुप्फुसात पाणी होण्याचा गंभीर प्रकार तर अनेकदा दुसऱ्या रात्री किंवा त्यानंतर उघड होतो. पहिला दिवस चांगला गेला म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी उंच जाणारा माणूस नेमका याच वेळापत्रकात अडकतो.

विरळ हवेत शरीरात काय घडते?

‘वर ऑक्सिजन कमी असतो’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण मुंबईत आणि खार्दुंग लावर सारखेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. कमी होतो तो हवेचा दाब. लेहमध्ये तो समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के असतो, तर ५,३०० मीटरच्या आसपास जवळजवळ निम्मा. दाब कमी, म्हणून प्रत्येक श्वासात फुप्फुसात जाणारा ऑक्सिजन कमी.

शरीर याला उत्तर देते. श्वास आपोआप जलद आणि खोल होतो, हृदयाचे ठोके वाढतात. पण जलद श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर टाकला जातो, रक्ताची आम्लता बिघडते आणि मेंदू श्वासाला लगाम घालू लागतो. झोपेत श्वास मध्येच थांबल्यासारखा होऊन दचकून जाग येते ती याच ओढाताणीमुळे. मूत्रपिंडे ही आम्लता हळूहळू दुरुस्त करतात. लेहमध्ये पहिले दोन दिवस लघवीला वारंवार जावे लागते, ते बहुतेक वेळा शरीर काम करत असल्याचे लक्षण असते. या दुरुस्तीला काही दिवस लागतात. नव्या तांबड्या रक्तपेशी तयार व्हायला तर आठवडे. पैसे देऊन, व्यायाम करून किंवा मनाचा हिय्या करून ही प्रक्रिया घाईत उरकता येत नाही.

डोकेदुखी, मळमळ, थकवा, चक्कर हा सौम्य प्रकार. तो मुक्कामाची उंची न वाढवता थांबले तर एक-दोन दिवसांत बहुधा ओसरतो. त्याकडे दुर्लक्ष करून वर गेले, तर दोन गंभीर प्रकार संभवतात. एक, फुप्फुसात पाणी साठणे : बसल्या जागी धाप लागते, कोरडा खोकला येतो, पुढे गुलाबी फेसाळ थुंकी पडते. दुसरा, मेंदूला सूज : माणूस असंबद्ध बोलतो, झिंगल्यासारखा चालतो. एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच लावत सरळ रेषेत दहा पावले चालायला सांगावे. तोल गेला, तर पुढची चर्चा करायची नाही. त्या माणसाला लगेच खाली न्यायचे, आणि तेही कुणाच्या तरी सोबतीने.

सह्याद्रीतला सराव कामी येत नाही का?

येतो, पण वेगळ्या कामी. दर रविवारी राजगड-तोरणा करणाऱ्याचे पाय, गुडघे आणि दम चांगले असतात. तो दिवसभर चालू शकतो, पाठीवर ओझे वाहू शकतो, घसाऱ्यावर उतरू शकतो. पण महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. लेह शहर त्याच्या दुपटीहून उंच आहे. सह्याद्रीत कितीही भटकले तरी शरीराला विरळ हवेची ओळख होत नाही.

उलट तंदुरुस्त माणूस जास्त धोक्यात असतो, असा अनुभव अनेक गटनेते सांगतील. तो भरभर चढतो, इतरांची सामाने उचलतो, सगळ्यांत आधी कॅम्पवर पोहोचतो. आणि डोके दुखू लागले की बोलत नाही, कारण गटातला ‘पट्टीचा ट्रेकर’ तोच असतो. जाडसर, दमणारा, वाटेत दहा वेळा बसणारा काका मात्र नकळत योग्य वेगाने चढत असतो. कुणाला त्रास होईल आणि कुणाला नाही, हे वय किंवा मॅरेथॉनची पदके पाहून सांगता येत नाही. मागच्या खेपेला त्रास झाला नव्हता, हीसुद्धा यंदाची हमी नाही.

लष्कर जवानांना सहा दिवस का देते?

या विषयावरचे जगातले एक महत्त्वाचे काम भारतीय लष्करी डॉक्टरांचे आहे. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात मैदानी भागातील जवान तातडीने हिमालयात उंचीवर पाठवावे लागले आणि शत्रूची गोळी न लागताही अनेक जण आजारी पडले. डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांच्या नोंदींवर आधारलेला शोधनिबंध १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला. उंचीच्या आजारावर लिहिणारे आजही त्याचा दाखला देतात.

त्या अनुभवातून घडलेली लष्कराची शिस्त अशी आहे. साधारण ९,००० ते १२,००० फुटांच्या टप्प्यात सहा दिवस. त्यातले पहिले दोन दिवस विश्रांती, फार तर बराकीभोवती चालणे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सपाटीवर संथ चाल. पाचव्या-सहाव्या दिवशी थोडी चढण. मग १२,००० ते १५,००० फुटांसाठी आणखी चार दिवस आणि त्याहून वरसाठी पुन्हा चार. म्हणजे विशीतला, निवडून घेतलेला, रोज कवायत करणारा जवान लेहला उतरला की त्याला सहा दिवस दिले जातात. आपल्या पत्रकात पन्नाशीच्या बँक अधिकाऱ्याला एक दिवस असतो, आणि त्या दिवसाचे नाव ‘लोकल साइटसीइंग’ असते.

पर्यटकाला लष्कराइतके ओझे वाहायचे नसते, बर्फात पहारा द्यायचा नसतो, हे मान्य. त्याच्यासाठी पर्वतीय वैद्यकातला नियम थोडा सैल आहे : ३,००० मीटरच्या वर गेल्यानंतर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्त काढावी. दिवसा वर जाऊन यायला हरकत नाही, झोपायला मात्र खाली यावे. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर नामचे बाजार (३,४४० मीटर) आणि दिंगबोचे (४,४१० मीटर) इथे जास्तीचा एकेक दिवस थांबतात तो याच कारणाने. नामचेमधला ‘विश्रांतीचा दिवस’ लोळण्यासाठी नसतो. त्या दिवशी वरच्या टेकडीवर चढून पुन्हा झोपायला खाली येतात.

एका चुकीच्या मुक्कामाची गोष्ट

हे सगळे शहाणपण या लेखकाला पुस्तकातून आलेले नाही. २०१३ च्या ऑगस्टमध्ये आम्ही सात जण मनालीहून गाडीने लेहला निघालो होतो. बेत मीच आखला होता. रजा मोजकी होती, म्हणून मनालीहून पहाटे निघून रात्री थेट सरचूच्या तंबूंत मुक्काम ठेवला. मनाली २,०५० मीटर, सरचू ४,२९० मीटर. एका दिवसात २,२०० मीटरची उडी. तेव्हा मला तो ‘एक दिवस वाचवलेला’ बेत वाटत होता.

आमच्यातला सर्वांत तंदुरुस्त गडी, अर्धमॅरेथॉन धावणारा, संध्याकाळी जेवला नाही. डोके दुखतेय म्हणाला. आम्ही त्याला पॅरासिटामॉल आणि लिंबू-सरबत दिले आणि ‘झोप, सकाळी बरे वाटेल’ म्हणालो. रात्री दीडच्या सुमारास तो तंबूबाहेर जायला उठला आणि बुटाच्या नाडीशी झटापट करत बसला. त्याला गाठ मारता येत नव्हती. आम्हाला वाटले थंडीने बोटे आखडलीत. आवाजाने जागा झालेला लाहौली ड्रायव्हर आला, त्याने टॉर्चच्या उजेडात याला चार पावले चालवून पाहिले आणि म्हणाला, “साहेब, सकाळची वाट बघायची नाही. सामान राहू दे.”

सरचूचा फास तिथे कळला. तिथून खाली जायचे म्हणजे आधी वर जावे लागते. मनालीच्या बाजूला उतरायला मध्ये ४,८९० मीटरची बारालाचा ला आहे आणि लेहच्या बाजूला तर त्याहून उंच खिंडी. गाडीतला छोटा ऑक्सिजन सिलिंडर लावून आम्ही रात्रीच बारालाचा ओलांडली. ड्रायव्हर एक शब्द बोलत नव्हता. झिंगझिंगबारच्या उतारावर मित्राने पहिल्यांदा विचारले, “कुठे चाललोय?” उजाडता उजाडता केलाँग गाठले आणि तो वाचला. डॉक्टरांनी विचारले, “काल कुठून निघालात?” मी सांगितले. त्यांनी फक्त मान हलवली. पुढे कितीतरी दिवस मी लोकांना ही गोष्ट ‘मित्राला त्रास झाला’ अशी सांगत असे. त्याला त्रास झाला नव्हता, तो मी दिला होता. कागदावर एक रात्र कमी करून.

आता अटल बोगद्यामुळे (२०२० मध्ये खुला झाला, लांबी सुमारे नऊ किलोमीटर) रोहतांग टळतो आणि सरचूला पोहोचणे आणखी सोपे झाले आहे. रस्ता जितका चांगला, तितकी उडी मोठी. बोगदा झाल्याने पहिल्या दिवशी जिस्पाला (सुमारे ३,२०० मीटर) दुपारीच पोहोचता येते. तिथेच थांबावे, शक्य असेल तर दोन रात्री. श्रीनगरमार्गे लेहला जाणारा रस्ता या बाबतीत जास्त समजूतदार आहे. श्रीनगर १,५८५ मीटरवर, वाटेतला कारगिलचा मुक्काम २,७०० मीटरच्या आसपास, उंच खिंडी दिवसा ओलांडायच्या आणि रात्री खाली.

मग नऊ दिवसांत काय होऊ शकते?

लडाखच हवे असेल, तर एक गोष्ट वगळण्याची तयारी ठेवावी. शनिवारी लेहला उतरा. शनिवार, रविवार, सोमवार अशा तीन रात्री लेहमध्येच. पहिला दिवस अक्षरशः झोपून. दुसऱ्या दिवशी बाजार, तिसऱ्या दिवशी गाडीने शे, ठिकसे. मंगळवारी खार्दुंग ला ओलांडून नुब्रात. नुब्रातली हुंडर, दिस्कित ही गावे ३,१०० मीटरच्या आसपास, म्हणजे लेहपेक्षा खालीच आहेत. त्यामुळे उंच खिंड ओलांडूनही मुक्काम सोयीचा पडतो. खिंडीत मात्र पंधरा-वीस मिनिटांच्या वर रेंगाळू नये. (तिथल्या जुन्या पाटीवरचा १८,३८० फुटांचा आकडाही फुगवलेला आहे. प्रत्यक्ष मोजणी ५,३५९ मीटर, म्हणजे साधारण १७,६०० फूट. फोटो काढायला पाटी बरी, बेत आखायला नाही.) दोन रात्री नुब्रात काढून गुरुवारी लेहला परत.

आता पँगाँग. तळ्याकाठचा मुक्काम ४,२५० मीटरच्या आसपास. हल्ली लोकप्रिय झालेला मार्ग म्हणजे नुब्रातून श्योक नदीच्या काठाने थेट पँगाँग. गाडीचा दिवस वाचतो, पण झोपण्याची उंची एका दिवसात हजारभर मीटरने वाढते. तीन रात्री लेहमध्ये काढलेल्या माणसाला ते चालून जाईलही. पहिल्या-दुसऱ्या दिवसाची डोकेदुखी अजून न गेलेल्याने मात्र हा मार्ग घेऊ नये. शुक्रवारी लेहहून जाऊन एक रात्र राहणे आणि शनिवारी परतणे हा तुलनेने बरा पर्याय. त्यात रविवारच्या विमानाआधी एकही दिवस शिल्लक राहत नाही, हा त्यातला दोष. म्हणून माझे मत : पहिल्या खेपेला पँगाँगचा मुक्काम गाळावा. तिथे रात्रभर कुडकुडत, डोके धरून बसलेल्यांना पहाटेच्या रंगांचे फारसे काही वाटत नाही, हे मी पाहिले आहे. हानले आणि ५,८०० मीटरच्या आसपासची उमलिंग ला नऊ दिवसांच्या पत्रकात दिसली, तर ते पत्रक बाजूला ठेवावे.

चालायचे असेल तर लडाखमध्येच शाम खोऱ्याचा तीन-चार दिवसांचा ट्रेक आहे. गावागावांतून जातो, खिंडी चार हजार मीटरच्या आतल्या, मुक्काम घरांत. नावात थरार नाही, म्हणून मराठी गट तिकडे कमी फिरकतात. त्यांना मार्खा किंवा सहा हजारी शिखर हवे असते. लेहजवळचे स्टोक कांगरी (६,१५३ मीटर) हे अनेकांचे स्वप्न होते. २०२० पासून ते बंद आहे, आणि त्याची गर्दी आता इतर शिखरांकडे वळली आहे.

खरे तर नऊ दिवसांना सर्वांत साजेसा हिमालय उत्तराखंड आणि हिमाचलच्या मधल्या उंचीचा आहे. केदारकंठाचे उदाहरण घ्या. शनिवारी डेहराडून, रविवारी गाडीने सांकरी (सुमारे १,९५० मीटर), पुढचे मुक्काम पावणेतीन हजार आणि साडेतीन हजार मीटरच्या आतबाहेर, शिखर ३,८०० मीटर, आणि शिखरावरून त्याच दिवशी खाली. शुक्रवारपर्यंत डेहराडूनला परतूनही शनिवार हाताशी मोकळा राहतो. हिवाळ्यात तिथे गर्दी आणि कचरा दोन्ही असतात, ही तक्रार रास्त आहे. पण शरीराच्या दृष्टीने हा बेत प्रामाणिक आहे.

हम्प्ता खिंडीसारख्या (सुमारे ४,२७० मीटर) ट्रेकमध्ये आणखी एक बाब तपासावी. शिखरावर जाऊन त्याच वाटेने परतणे आणि खिंड ओलांडून पलीकडे उतरणे यांत फरक आहे. खिंडीच्या आदल्या कॅम्पवर कुणी आजारी पडले, तर त्याला मागे न्यावे लागते. तेव्हा गट दोन तुकड्यांत फुटतो. सोबत कोण जाणार, मार्गदर्शक किती आहेत, सामान कुणाकडे, हे आधी ठरलेले नसेल तर मोह एकच होतो : ‘थोडेच राहिलेय, पलीकडे उतार आहे, चल.’ गंभीर आजारी माणसाला वर नेऊन खाली आणण्याचा हा जुगार सरचूच्या आमच्या रात्रीपेक्षा वाईट, कारण इथे गाडीही नसते.

युथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या सर पास वगैरे मोहिमांत वाढलेल्या पिढीला बेस कॅम्पवरच्या सक्तीच्या सराव-चाली आठवत असतील. तेव्हा त्या कंटाळवाण्या वाटायच्या. कैलास-मानसरोवर यात्रेतही लिपुलेखमार्गे जाणाऱ्यांची दिल्लीत आणि पुन्हा गुंजीला वैद्यकीय तपासणी होते, आणि तिथून माणसे परतही पाठवली जातात. सरकारी कारभाराला आपण नावे ठेवतो. पण ‘तुम्ही वर जाऊ शकत नाही’ असे तोंडावर सांगणारी यंत्रणा तिथे आहे. खासगी सहलीत ग्राहकाला हे सांगण्याचे धैर्य फार थोड्यांत असते.

डायमॉक्स, कापूर आणि ऑक्सिजनचा डबा

मराठी पर्यटकाच्या खिशात हमखास असते ती कापराची पुरचुंडी. कापूर हुंगल्याने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. लसूण, काळी मिरी यांचेही तेच. न्यायला हरकत नाही, भरवसा नको.

अॅसिटाझोलामाइड, म्हणजे बाजारातले डायमॉक्स, हे मात्र खरे औषध आहे. वर सांगितलेली आम्लतेची दुरुस्ती ते वेगाने घडवते. प्रतिबंधासाठी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर जाण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. पण सल्फा औषधांची अॅलर्जी, मूत्रपिंडाचे विकार, गर्भारपण अशा गोष्टी असल्यामुळे ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा बेचव लागतो. घाबरायचे कारण नाही. मात्र डायमॉक्स घेतले म्हणजे मुक्काम वाढवण्याची मुभा मिळाली, असा जो समज पसरला आहे तो घातक आहे. विमानाने थेट लेहला जाणाऱ्याला ते उपयोगी पडते, पण तीन रात्रींचा पर्याय ते होत नाही.

दुकानात मिळणारा ऑक्सिजनचा हलका डबा काही मिनिटे चालतो. त्याने खरा आजार टळत नाही, आणि थोडा वेळ बरे वाटल्याने उतरण्याचा निर्णय लांबतो. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर करोनाकाळापासून घरोघरी आहे. तिथली ९४ ची धास्ती इथे चालत नाही. लेहला नुकत्याच पोहोचलेल्या निरोगी माणसाचा आकडाही नव्वदच्या खाली जाऊ शकतो. आकड्यापेक्षा माणूस कसा दिसतो, बोलतो, जेवतो ते पाहावे. पहिल्या दोन दिवसांत दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. हृदयविकार, फुप्फुसाचे विकार, गंभीर रक्तक्षय असलेल्यांनी आणि लहान मुलांना नेणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टर गाठावा. तान्ह्या मुलाला डोके दुखते हे सांगता येत नाही. ते फक्त किरकिर करते आणि आपण म्हणतो, प्रवासाने दमलेय.

आयोजकाला काय विचारावे?

जाहिरातीत सर्वोच्च उंची ठळक असते, रोजच्या मुक्कामाची नसते. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर घटक छापणे बंधनकारक आहे. तसे तीन हजार मीटरवरच्या प्रत्येक सहलीच्या पत्रकावर रात्रनिहाय मुक्कामाची उंची छापणे बंधनकारक करावे, अशी मागणी पर्यटन विभागाकडे व्हायला हवी. यासाठी ना खर्च येतो, ना मोठी यंत्रणा लागते. ग्राहकाला एक तक्ता दिसला तर पुष्कळसे बेत छापले जाण्याआधीच बदलतील.

तोवर हा तक्ता स्वतः मागावा. आयोजक तो देऊ शकला नाही, तर उत्तर मिळालेच. एखादा आजारी पडला तर त्याच्यासोबत खाली कोण जाणार, कॅम्पवर ऑक्सिजनचा खरा सिलिंडर आहे का आणि तो वापरता कुणाला येतो, सर्वांत जवळचा गाडीरस्ता किती तासांवर, हे विचारावे. आणि एक प्रश्न असा, जो कुणी विचारत नाही : मी मध्येच परतलो तर पैशांचे काय? पैसे बुडणार म्हणून डोकेदुखी लपवणारे लोक मला दर मोसमात भेटतात. ज्या आयोजकाचे नियम परतणाऱ्याला दंड करतात, त्याच्या कॅम्पवर कुणी खरे बोलणार नाही. विम्याची कलमेही आधी वाचावीत. उंचीची मर्यादा, हेलिकॉप्टरने आणण्याचा खर्च आणि साहसी खेळांविषयीच्या अटी प्रत्येक पॉलिसीत वेगळ्या असतात. अपघात विमा उंचीच्या आजाराला लागू होईल, असे गृहीत धरू नये.

परतीच्या तिकिटाचा दाब

हिमालयातले बरेच वाईट निर्णय सोमवारच्या ऑफिसमुळे घेतले जातात. जून २०२४ मध्ये उत्तराखंडात सहस्त्रताल ट्रेकवर २२ जणांच्या गटाला हिमवादळाने गाठले आणि नऊ जणांचा मृत्यू झाला. त्यात बहुतेक कर्नाटकातले होते. ५ ऑगस्ट २०२५ रोजी उत्तरकाशी जिल्ह्यातील धरालीत पाण्याचा लोंढा आला, तेव्हा त्या भागात अडकलेल्यांत महाराष्ट्रातील पर्यटकही होते. या घटनांना विरळ हवा कारणीभूत नव्हती आणि त्यांतील प्रत्येकाच्या बेताबद्दल बाहेरून बोलणे बरे नाही. पण डोंगरात एक दिवस थांबावे लागू शकते, हे त्या आठवण करून देतात. जुलै-ऑगस्टमध्ये लडाखमध्ये पाऊस कमी असला तरी तिथे नेणारे हिमाचलचे रस्ते भर पावसात असतात. लेहची विमाने खराब हवेत रद्द होतात, आणि पुढच्या दिवशीच्या विमानात जागा मिळेलच असे नाही. सप्टेंबर हा त्यातल्या त्यात शहाणा महिना. आपली रजा मात्र मे, १५ ऑगस्ट आणि दिवाळी यांच्याशी बांधलेली.

त्यामुळे नऊ दिवसांचा बेत आठ दिवसांचा समजून आखावा आणि उरलेला दिवस कोरा ठेवावा. तो सुरुवातीला आरामात खर्च झाला तरी चालेल, शेवटी विमानतळावर गेला तरी चालेल. गटातल्या सर्वांना पहिल्याच संध्याकाळी सांगावे, की डोके दुखले तर सांगायचे आणि ते ऐकून कुणी तोंड वाकडे करायचे नाही. सरचूनंतर माझा तो मित्र दोनदा लडाखला जाऊन आला, दोन्ही वेळा श्रीनगरमार्गे. मीही आता परतीचे विमान रविवारचेच काढतो, पण ऑफिसच्या अर्जात रुजू होण्याचा दिवस मंगळवार लिहितो.